जखमेची नोंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपल्याकडे दरवर्षी बाहेरच्या पाहुण्या येतात. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, या वेळी तुम्हीच बोला, आणि विषयही तुम्हीच ठरवा." मी बावीस वर्षे मुलांना शिकवले. समोर मुले असली की मला बोलायची भीती वाटत नाही. पण तुम्ही सगळ्या माझ्या रोजच्या ओळखीच्या. तुमच्यापुढे काय नवे सांगणार, हा प्रश्न मला पडला. मग मनात आले, की गेली दोन वर्षे मी शेजारच्या घरच्या ज्या कामात गुंतले आहे, त्याविषयीच बोलावे. ज्यांची ही गोष्ट आहे त्या काका-काकूंची परवानगी घेतली आहे. त्यांचे नाव मात्र मी सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही ते मनातच ठेवावे.

हे काका १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. तोफगोळ्याची एक कपची त्यांच्या मांडीत शिरली. मलमपट्टी झाली, काही दिवस रुग्णालयात काढले, आणि ते पुन्हा आपल्या पलटणीत रुजू झाले. मुदत संपल्यावर घरी आले, वाडी सांभाळू लागले. पावसाळा तोंडावर आला की तो पाय दुखतो. जिना चढताना हात कठड्यावर जातो. स्वतःच्या वाडीतली सुपारी उतरवायला त्यांना आयुष्यभर दुसऱ्याला मजुरी द्यावी लागली. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण "काका, हे कशाने झाले?" असे आपल्यापैकी किती जणींनी विचारले? मीही भिंतीला भिंत लागून राहत असताना कधी विचारले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना एक अर्ज लिहून हवा आहे." काकांचे मागणे एवढेच होते, की लढाईत आपल्याला जखम झाली हे सरकारदरबारी लिहिले जावे. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकासाठी आपल्या देशात 'पराक्रम पदक' आहे. जखमेमुळे कायमचे अपंगत्व आले असेल, तर त्याचे निवृत्तिवेतनही वेगळे असते. मी काकांना विचारले, "इतकी वर्षे का नाही मागितलेत?" ते म्हणाले, "ज्यांचे पाय गेले त्यांना मी पाहिले होते. माझा तर जागेवर होता. मागायची लाज वाटली." थोडा वेळ थांबून म्हणाले, "आता नातवंडे विचारतात, आजोबा, तुम्ही खरेच लढाईत होतात का? त्यांना दाखवायला माझ्याजवळ कागद नाही."

मी अर्ज लिहिला. शिक्षिकेने लिहिलेला अर्ज तो, अगदी छान झाला होता. देशसेवा, त्याग, मातृभूमी, सगळे त्यात आले होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. काही महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले, की आपल्या म्हणण्याप्रमाणे नोंद आढळत नाही. ज्या कचेरीतून ते आले तिचे नाव मी घेत नाही, कारण राग धरण्यासारखे मला त्यात काही सापडले नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावर खरोखरच काही नव्हते. चूक माझी होती. मी दोन पाने भरून लिहिले, पण तारीख दिली नाही, रुग्णालयाचे नाव दिले नाही, जखम कोणत्या पायाला हेही लिहिले नाही!

मग मी शिकायला बसले. जे कळले ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या या किनाऱ्यावर, रेवसपासून मुरूडपर्यंत आणि आत माणगाव-महाडकडे, फौजेत आणि नौदलात माणूस गेलेली घरे पुष्कळ आहेत.

रणांगणावर सैनिक जखमी झाला की पलटणीकडून तसा अहवाल वर जातो, त्याची नोंद सैनिकाच्या सेवापत्रकात उतरते, आणि रुग्णालयाचे कागद त्याला जोडले जातात. पुढे डॉक्टरांचे मंडळ, ज्याला मेडिकल बोर्ड म्हणतात, ते तपासून ठरवते की अपंगत्व किती आणि ते सेवेमुळे आले की नाही. सगळे या साखळीवर चालते. पण लढाई चालू असताना ज्याची जखम बांधून त्याला परत खंदकात पाठवले, त्याच्या बाबतीत साखळीची पहिलीच कडी कधी कधी राहून जाते. जो लवकर परत उभा राहिला, त्याचाच कागद कच्चा राहतो. आमच्या काकांचे नेमके असेच झाले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे मात्र नाही. अमेरिकेत लढाईत जखमी झालेल्यांना 'पर्पल हार्ट' नावाचे पदक देतात. त्या देशात १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुई शहरातल्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांचे सेवापत्रक जळाले. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेल्यांचे कागद त्यांत होते. त्यानंतर तिथल्या म्हाताऱ्या सैनिकांना स्वतःची जखम सिद्ध करण्यासाठी जुनी पत्रे, रुग्णालयाच्या पावत्या आणि सोबत्यांच्या साक्षी गोळा कराव्या लागल्या. एवढ्या श्रीमंत देशातही शेवटी कामाला आले ते घरात जपलेले कागदच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आज आपण रायगड म्हणतो तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. त्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तुम्हाला ठाऊक आहेत. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे एक तर पडले नाही तर जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय अवघे बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे आणि माणगावलाही त्यांचे स्मारक आहे.

त्या स्मारकापुढे आपण हात जोडतो ते योग्यच आहे. पण एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधते. घाडग्यांच्या पराक्रमाची हकीकत सांगताना आपण म्हणतो, "बाकीचे पडले किंवा जखमी झाले." ते जखमी झालेले कोण होते? त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहेत? त्यांतला एखादा घरी परतला असेल, तर तोही लंगडत शेतावर गेला असेल, त्याच्या पायालाही रात्री कोणीतरी तेल चोळले असेल. जो पडला त्याला आपण दगडात जपतो. जो जखम घेऊन परत आला तो आपल्यातच राहतो, आणि आपल्यातच असल्यामुळे दिसेनासा होतो.

जखम घेऊन परतलेल्या माणसाला मान मिळायला किती उशीर होऊ शकतो, याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला, म्हणून आपल्या मुलांना ते ठाऊक झाले. पण त्यांची गोष्ट १९६५ ची आहे.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. जन्म १९४४ चा. लहानपणी कुस्तीची आवड, आणि फौजेत गेल्यावर मुष्टियुद्धात नाव कमावले. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली. कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तिथे व्यायाम म्हणून त्यांना पोहायला सांगितले. ज्या माणसाची सगळी ऐट पायांच्या चपळाईत होती, त्याला पाण्यात उतरून फक्त हातांवर पुढे जायला शिकावे लागले. आपण समुद्राकाठच्या बायका आहोत, पाणी म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पाय लुळे असताना पाण्यावर विश्वास टाकणे किती अवघड असेल!

१९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरी अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या, ज्यांना आज पॅरालिंपिक म्हणतात. तिथे जायला पेटकरांना मदत मिळाली ती क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची. पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमध्ये भारतीयाने मिळवलेले ते पहिले सुवर्णपदक. धडधाकट खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये एकट्या भारतीयाला सुवर्ण मिळायला २००८ साल उजाडावे लागले, हे लक्षात घ्या.

आणि पुढे काय झाले? पुढे पेटकर पुण्याला टेल्कोत नोकरी करू लागले. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी मागणी केली. ती मान्य झाली नाही. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी ऐंशी पुरी केली होती. मागितल्यापासून मिळेपर्यंत त्रेचाळीस वर्षे!

यावर दोन प्रकारचे बोलणे मी ऐकले आहे. एक म्हणजे, "उशिरा का होईना, मिळाले ना?" आणि दुसरे, "या वयात पदक घेऊन काय करायचे?" दोन्ही बोलणारी माणसे भली आहेत, पण दोघांचेही मला पटत नाही. उशीर झाला म्हणजे मधल्या वर्षांत काही झालेच नाही असे नसते. त्या त्रेचाळीस वर्षांत त्या माणसाच्या ओळखीचे कितीतरी जण ही गोष्ट न ऐकताच निघून गेले असतील. आणि म्हातारपणी पदक कशाला, असे विचारणाऱ्यांना मी आमच्या काकांचे उत्तर सांगते. ते म्हणाले, "बाई, पैसा आला तर नको म्हणणार नाही, औषधाला लागतो. पण मला हवे आहे ते एवढेच, की जे खरे आहे ते लिहिलेले असावे."

पेटकरांजवळ जागतिक विक्रम होता, आकडे होते. तरी त्यांना इतकी वाट पाहावी लागली. मग ज्यांच्याजवळ मांडीवरच्या एका व्रणाखेरीज काही नाही, त्यांनी काय करावे? इथेच, भगिनींनो, आपले काम सुरू होते असे मला वाटते.

पहिला अर्ज फसल्यावर मी काकूंना विचारले, "त्या वेळचे घरात काही आहे का?" त्या नाही म्हणाल्या. काका म्हणाले, सगळे पुरात गेले. पण चार दिवसांनी काकू पदराखाली बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात त्यांच्या लग्नातला एक फोटो, सासूबाईंची नथ, आणि एक जुने फौजी पत्र. पत्र काकांच्या आईच्या नावे होते. अक्षर काकांचे नव्हते, कोणा सोबत्याकडून लिहवून घेतलेले. मजकूर चार ओळींचा: मी खुशाल आहे, पायाला थोडे लागले आहे, काळजी करू नये. पण वर तारीख होती आणि रुग्णालयाचे नाव होते! सासूबाईंनी ते पत्र मरेपर्यंत जपले आणि जाताना सुनेच्या हाती दिले. त्या माउलीला वाचता येत नव्हते. तरी जपायचे काय, ते तिला बरोबर कळले होते.

काकांनी ते पत्र हातात घेतले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "थोडे लागले आहे असे मीच लिहायला सांगितले होते. आई घाबरेल म्हणून." म्हणजे पाहा, जखम लहान करून सांगणारे पहिले ते स्वतःच.

दुसरा अर्ज मी त्या पत्रावरून लिहिला. या वेळी मातृभूमीवर एक ओळही नाही. सेवा क्रमांक, पलटण, तारीख, रुग्णालय, उजवी मांडी, आणि आजच्या डॉक्टरांनी क्षकिरण काढून मांडीत धातूचा तुकडा असल्याचे दिलेले प्रमाणपत्र. सोबत त्यांच्याच तुकडीतल्या, आज साताऱ्याकडे राहणाऱ्या एका गृहस्थांचे शपथपत्र. तो अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. येईल की नाही, काय येईल, मी सांगू शकत नाही. तुमच्यापुढे यश मिरवावे असे माझ्याजवळ आज काही नाही. पण पूर्वी काका या विषयावर बोलतच नसत. आता संध्याकाळी ओट्यावर नातवंडांना घेऊन बसतात आणि त्या दिवसांचे सांगतात. ते पत्र मुलांनी कितीदा वाचले असेल!

आता थोडे व्यवहाराचे बोलते. ज्यांच्या घरात असे कोणी असेल, त्यांनी लिहून घ्यावे.

फौजेतून मिळालेले डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, ज्याला पी.पी.ओ. म्हणतात, हे दोन कागद कुठे आहेत ते आज घरी गेल्याबरोबर पाहा. त्यांच्या नकला करून ठेवा. मूळ कागद कोणालाही देऊ नका.

प्रत्येक पलटणीचा अभिलेख ठेवणारे कार्यालय वेगळे असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. अर्ज नेमका कुठे करायचा हे अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मार्ग दाखवणे हे त्या कार्यालयाचे कामच आहे. तिथे जायला संकोच नको.

२००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने आपल्याच सेवेचे आणि मेडिकल बोर्डाचे कागद मागता येतात. जुने कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात, म्हणून उशीर करू नये. आणि अन्याय झालाच असे वाटले तर सैनिकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, आणि त्याचे एक पीठ मुंबईला आहे.

ज्यांना मोठे अपंगत्व आले त्यांच्यासाठी पुण्यात जुन्या संस्था आहेत. खडकीला क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी ती १९१७ मध्ये निघाली. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते १९४४ चे. आणि ज्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली त्यांच्यासाठी खडकीलाच १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. आपल्या सहली अष्टविनायकाला जातात, महाबळेश्वरला जातात. एकदा परवानगी काढून तिकडेही जाऊ या.

शेवटी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. आपण डबा फिरवून निधी जमवतो, छातीला छोटा झेंडा लावतो आणि घरी जातो. यंदा त्याबरोबर आणखी एक गोष्ट करावी. दोघी-दोघींनी मिळून आपापल्या आळीतल्या, पाड्यातल्या, कोळीवाड्यातल्या माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या घरी जावे. भाषण करू नये. चहा घ्यावा आणि विचारावे, "काका, तुम्ही कुठे होतात? केव्हा? काही लागले होते का?" जे सांगतील ते वहीत उतरवावे, तारखेसकट. घरातल्या बाईला विचारावे, की जुनी पत्रे, फोटो, पावत्या काही आहेत का. पुरुष म्हणतील, काही नाही. बाईला विचारले की डबा निघतो, हा माझा अनुभव आहे.

ती वही मंडळात राहील. सरकारचे पदक आपण देऊ शकत नाही. पण आपल्या गावातल्या एखाद्या माणसाच्या अंगावर युद्धाची खूण आहे आणि ती कशी झाली हे गावाला ठाऊक आहे, एवढे तरी आपल्या हातात आहे. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

काकू आज इथे आल्या आहेत, मागे बसल्या आहेत. त्यांनी मला बजावले होते, की आमच्याविषयी फार बोलू नका. मी जरा जास्तच बोलले. त्यांनी मला क्षमा करावी.

जय हिंद.